साठ, नव्वद की एकशेचव्वेचाळीस? डोळ्यालाच विचारू

‘भावा, माणसाच्या डोळ्याला साठच्या वर दिसतच नाही. कशाला जास्तीचे पैसे घालतो?’ असं एक जण म्हणतो. लगेच दुसरा उसळतो, ‘तू वापरलाय का कधी? एकदा १२० वर खेळ अन् मग ६० वर परत येऊन दाखव.’ तिसऱ्याने कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलेलं असतं, की डोळा सेकंदाला २४च चित्रं बघतो, म्हणून तर सिनेमा २४चा असतो. चौथा बोलत नाही, कारण तो बीजीएमआयच्या लॉबीत आहे आणि त्याचा पिंग वाढलाय.

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत कॉलेज सुटल्यावर हे भांडण होतं, तसंच ते पुण्यातल्या हॉस्टेलच्या गच्चीवर आणि संभाजीनगरच्या कॉट बेसिसवरही होतं. फरक एवढाच, की इकडे नवा फोन म्हणजे घरात मोसंबीचा किंवा उसाचा पैसा आल्यानंतरची गोष्ट. नाहीतर हप्ते. दोन फोनमध्ये बाकी सगळं सारखं आणि एकावर ‘१४४ हर्ट्झ’ छापलंय म्हणून पाच-सात हजार जास्त मोजायचे असतील, तर आपल्या डोळ्याला त्यातलं काय मिळतं हे माहीत असलेलं बरं. आणि गंमत म्हणजे वरच्या तिघांपैकी पूर्ण बरोबर कोणीच नाही. दुसरा त्यातल्या त्यात जवळ आहे.

आधी घोळ कुठे होतो ते बघू. ‘डोळा किती एफपीएस बघतो?’ हा प्रश्नच मुळात कॅमेऱ्याचा आहे. डोळ्यात शटर नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींवर प्रकाश सतत पडत असतो, त्या थोड्या थोड्या वेळातला प्रकाश गोळा करतात आणि बदल झाला की पुढे कळवतात. सगळ्या पेशी एका तालात काम करत नाहीत, ‘आता फ्रेम संपली’ असं कोणी ओरडत नाही. त्यामुळे ‘किती फ्रेम’ याचं एकच उत्तर निघत नाही. प्रश्न फोडला तर मात्र उत्तरं मिळतात. लुकलुकणं कधी दिसेनासं होतं? सुटी चित्रं कधी हालचाल वाटू लागतात? ती हालचाल स्वच्छ कधी दिसते? आणि आपला अंगठा हलल्यावर पडदा ‘लगेच’ हलल्यासारखा कधी वाटतो? या चारांची उत्तरं चार वेगळ्या आकड्यांत आहेत. कट्ट्यावर प्रत्येक जण यातलं एक उत्तर घेऊन दुसऱ्याच्या प्रश्नावर मारत असतो.

कल्याणचा कंदील, नाशिकचा वाटाणा

हालचालीपासून सुरू करू, कारण तिचा मराठी इतिहास झकास आहे. १८९०च्या दशकात, म्हणजे सिनेमा यायच्या आधी, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ करायचे. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि पडदा. रामायण-महाभारतातले प्रसंग असायचे, सर्कशीची चित्रं असायची. पण त्यांची करामत पुढची होती. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांच्या काचा झपकन बदलल्या, की ते पात्र हलल्यासारखं दिसायचं. सेकंदाला साठ सोडा, दोन-चार चित्रंसुद्धा प्रेक्षकांना पुरायची.

पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलचित्रं दाखवली गेली, आणि १९१२ मध्ये त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायला पैसे हवेत आणि पैसेवाल्यांना विश्वास हवा, म्हणून त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि सलग दाखवलं. कोंब मातीतून वर येतो, वेल चढते, हे सगळं डोळ्यांसमोर. आज रीलवर टाइमलॅप्स आपण बोटाने वर सरकवतो, तेव्हा ते बघून माणसाने खिशात हात घातला. डोळ्याला जी हालचाल दिसूच शकत नाही ती फाळक्यांनी चित्रांच्या मधला वेळ गाळून दाखवली. फ्रेम रेटशी खेळणं म्हणतात ते हेच.

योगायोग असा, की त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याचा अभ्यास छापला. दोन रेषा, थोड्या अंतरावर. आधी एक दाखवायची, मग दुसरी. मधे सुमारे २०० मिलिसेकंद गेले तर माणूस म्हणतो, आधी ही दिसली, मग ती. मधे ३० मिलिसेकंदच असले तर म्हणतो, दोन्ही एकदमच दिसल्या. पण साधारण ६० मिलिसेकंदांवर भलतंच होतं. एकच रेषा इकडून तिकडे सरकली असं दिसतं. सरकलं तर काहीच नाही! शाळेत आपण ‘दृष्टिसातत्य’ शिकलो, म्हणजे आधीचं चित्र डोळ्यात राहतं आणि त्यावर पुढचं बसतं. पण चित्रं नुसती एकावर एक साठली असती तर हालचाल दिसली नसती, गिचमिड दिसली असती. हालचाल मेंदू तयार करतो आणि त्याला त्यासाठी फार माल लागत नाही. सेकंदाला दहा-पंधरा चित्रं दिली की त्याचं काम सुरू होतं.

मग २४ कुठून आले? डोळ्याकडून नाहीच. मूकपटाच्या काळात ऑपरेटर हाताने दांडा फिरवायचा, वेग साधारण सोळाच्या आसपास, कधी कमी कधी जास्त. १९२०च्या दशकाच्या शेवटी आवाज आला. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच, त्यामुळे वेग ठरावीक पाहिजे आणि आवाज बरा यायला पुरेसा जास्त पाहिजे. पण जितका वेग जास्त तितकी फिल्म जास्त, आणि फिल्म महाग. या ओढाताणीत २४ ठरले. ही व्यापाराची तडजोड आहे. ती डोळ्याची मर्यादा म्हणून खपते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

त्यात अजून एक गोम आहे. २४ चित्रं नुसती दाखवली तर पडदा भयंकर लुकलुकतो. म्हणून प्रोजेक्टरमध्ये फिरती पाती असतात. फिल्म पुढे सरकताना प्रकाश अडवायचा, चित्र स्थिर झालं की सोडायचा, आणि त्याच चित्रावर मधेच अजून एकदा अडवायचा. म्हणजे चित्रं २४, पण उजेडाचे झटके ४८. मूकपटाच्या सोळा चित्रांना तीन पाती, पुन्हा ४८च. जत्रांमधल्या तंबूत टुरिंग टॉकीजचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्या आजोबांना विचारा, मशीनचा तो खडखडाट त्यांना आठवत असेल. आपल्या महाराष्ट्रातल्या याच फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर बघा. हालचालीला एक आकडा पुरतो आणि लुकलुकणं मोडायला दुसरा लागतो, हे त्या पात्यांमध्ये लिहिलेलं आहे.

ट्यूबलाइट कडेने बघा

लुकलुकणारा दिवा कोणत्या वेगाला ‘स्थिर’ दिसू लागतो? सर्वसाधारण माणसाला सेकंदाला ५० ते ६० वेळांच्या आसपास. ‘साठच्या वर दिसत नाही’ ही अफवा इथून निघाली असावी. पण हा आकडाही रबरासारखा आहे. उजेड जितका प्रखर तितकं लुकलुकणं जास्त वेगापर्यंत कळतं. फेरी आणि पोर्टर या दोघांनी हे शंभर वर्षांपूर्वीच मोजून ठेवलंय. शिवाय समोर रोखून बघण्यापेक्षा डोळ्याच्या कडेला लुकलुकणं लवकर कळतं. जुन्या जड चोकवाली ट्यूब अजून कुठे असेल, गोठ्यात किंवा पिठाच्या गिरणीत, तर तिच्याकडे सरळ न बघता नजर बाजूला ठेवा. टोकं फडफडताना दिसतील. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते, पण प्रत्येक टोकाची पाळी एकाआड एक येते, म्हणून टोकाला ५०. डोळ्याच्या कडेला ते सापडतं, मधोमध सापडत नाही.

आणि माणसामाणसांत फरक किती? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हे मोजून छापलं. कुणाला सेकंदाला ३५ वेळा लुकलुकणारा दिवा स्थिर वाटला, तर कुणाला ६०च्या पुढेही त्याची फडफड कळत होती. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मित्रांना एकच दिवा वेगळा दिसू शकतो. ‘मला फरक कळतो’ म्हणणारा फेकत असेलच असं नाही, आणि ‘मला कळत नाही’ म्हणणाराही मुद्दाम नाही म्हणत नाही.

(माशी या खेळात आपल्याला केव्हाच हरवते. तिच्यासाठी हा आकडा २५०च्या घरात आहे. आपला पेपर तिच्याकडे स्लो मोशनमध्ये येत असतो, म्हणून ती सापडत नाही.)

आता मोबाईलवर या. जुन्या काचेच्या डब्या मॉनिटरचा ठिपका पेटायचा आणि विझायचा. ६० हर्ट्झला तो डोळ्यांना टोचायचा, म्हणून सायबर कॅफेतले जाणकार सेटिंगमध्ये जाऊन ८५ करायचे. आजचा पडदा तसा विझत नाही. चित्र लावतो, धरून ठेवतो, मग पुढचं लावतो. म्हणजे लुकलुकण्याचा प्रश्न ६०लाच संपला. मग १२० कशाला?

इथे मुद्द्याची गोष्ट आहे. पडद्यावर एखादी गोष्ट सरकते तेव्हा आपला डोळा तिच्याबरोबर सलग फिरतो, थांबत थांबत नाही. चित्र मात्र फ्रेमभर जागच्या जागी उभं असतं. डोळा पुढे गेला, चित्र मागे राहिलं, मग चित्राने उडी मारली, पुन्हा थांबलं. या रस्सीखेचीत डोळ्याच्या पडद्यावर चित्र फिसकटतं. हा धुरकटपणा पडद्याचा दोष नव्हे, आपण त्यामागे नजर नेली म्हणून झालेला आहे. आकडा काढू. फोन आडवा धरला की रुंदीला साधारण २४०० पिक्सेल. गेममध्ये तुम्ही झटकन वळलात आणि समोरचं झाड अर्ध्या सेकंदात या टोकापासून त्या टोकाला गेलं. वेग झाला सेकंदाला ४८०० पिक्सेल. ६० हर्ट्झवर दर फ्रेमला उडी ८० पिक्सेलची. १२० वर ४० पिक्सेलची. १४४ वर ३३. झाडाआड कुणी बसलेला असेल, तर ८० पिक्सेलचा फराटा आणि ४० पिक्सेलचा फराटा यात तो दिसणं-न दिसणं ठरू शकतं. पण ४० आणि ३३ मध्ये? कंपनीच्या पोस्टरवर तो फरक फार मोठा दिसतो.

मिलिसेकंदांत मांडलं तरी हेच निघतं. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, ९० ला ११.१, १२० ला ८.३, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. साठवरून नव्वदला गेलात की साडेपाच मिलिसेकंद वाचले. एकशेवीसवरून एकशेचव्वेचाळीसला गेलात तर दीडसुद्धा नाही. आकडे वाढत जातात आणि हातात पडणारं कमी कमी होत जातं. ऊस जितका बुंध्याला गोड तितका शेंड्याला नसतो.

म्हणून काय २४० चे मॉनिटर निव्वळ फसवणूक? तसंही नाही. २०१५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’ या जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला. एका फ्रेममध्ये डावी बाजू उजळ, पुढच्यात उजवी, अशी तीक्ष्ण कड असलेली चित्रं दाखवली, तर माणसांना ५०० हर्ट्झलाही काहीतरी चाललंय हे कळत होतं. कारण डोळा सतत बारीक हलत असतो आणि ती कड त्या हालचालीत पसरून दिसते. कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये याचा धाकटा भाऊ बघता येतो. माउसचा बाण पडद्यावर गोल गोल जोरात फिरवा. एक बाण फिरताना दिसत नाही, सुट्या बाणांची माळ दिसते. खरी वस्तू अशी फिरवली तर माळ दिसत नाही. पडदा आणि खरं जग यातला फरक पकडण्यापुरता आपला डोळा ६०च्या बराच पुढे आहे.

पण हाच डोळा दुसरीकडे चक्क फ्रेम ड्रॉप करतो. आरशासमोर उभे राहा. आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, परत डाव्याकडे. डोळे हलताना दिसले? नाही दिसणार. शेजारच्याला विचारा, त्याला दिसतात. नजर उडी मारते तेवढा वेळ मेंदू चित्र दाबून टाकतो. सेकंदाला तीनेक उड्या, प्रत्येक काही दशक मिलिसेकंदांची. जागेपणीचा सुमारे दहावा हिस्सा आपण या अर्थाने आंधळे असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. आता हाच खेळ सेल्फी कॅमेऱ्यात करून बघा. तिथे डोळे हललेले दिसतात! कारण फोन चित्र किंचित उशिरा दाखवतो. तोवर आपली नजर स्थिरावलेली असते. फोनचा हा उशीर, म्हणजे लेटन्सी, पुढच्या भागात आपल्याला लागणार आहे.

‘हेडशॉट लागला नाही, फोनमुळे’

एक तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. मित्राने ती वरून धरायची, तुमची बोटं शून्यावर, न टेकवता. तो न सांगता सोडेल, तुम्ही पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर तुमचा प्रतिसाद १७५ मिलिसेकंदांचा. २० वर पकडली तर २०२ चा. ३० वर पकडली, म्हणजे जवळजवळ सुटलीच, तर २४७. फिजिक्समधलं पडत्या वस्तूचं सूत्र आहे, स्वतः ताडून बघा. बहुतेकांचा आकडा दोनशेच्या आसपास येतो, आणि झोप कमी झाली असेल तर पट्टी सरळ खाली जाते.

म्हणजे बघा, ६०वरून १२०ला जाऊन वाचले आठ मिलिसेकंद, आणि रात्री दोनपर्यंत जागून प्रतिसादात घालवले त्याच्या कितीतरी पट.

यावर कोणी म्हणेल, दोनशे मिलिसेकंद लागतात तर वेगवान बॉलरला बॅट्समन खेळतो कसा? ताशी १४० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर पोहोचतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली बॅट्समनच्या डोळ्यांवर कॅमेरा बसवून बघितलं. चांगला बॅट्समन चेंडूचा सतत पाठलाग करतच नाही. हात सुटताना बघतो, मग नजर उडी मारून चेंडू जिथे टप्पा खाणार तिथे आधीच जाऊन थांबते. जितका खेळाडू चांगला तितकी ही उडी लवकर. आपल्या जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या होत्या. इतका वेळ क्रीजवर टिकणारा माणूस चेंडू ‘फास्ट’ बघत नसतो, तो कुठे येणार हे आधी ओळखत असतो. गेममध्येही तेच. झोन कुठे सरकणार, पायाचा आवाज कुठून, तो खिडकीतून डोकं केव्हा काढणार, हे ज्याला कळतं त्याचा क्रॉसहेअर आधीच तिथे असतो. त्याला आठ मिलिसेकंदांची वाट बघावी लागत नाही.

तरीही फ्रेमचा उपयोग होतो, फक्त तो आपण समजतो त्या वाटेने नाही. अंगठा हलल्यापासून पडदा हलेपर्यंत एक साखळी असते. स्पर्श ओळखणं, गेमने हिशेब करणं, चित्र काढणं, पडद्यावर लावणं. रिफ्रेश रेट वाढला की ही साखळीही आखूड होते, म्हणून १२० वर गेम ‘हाताला लागतो’. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये एक पेपर मांडला. त्याचं शीर्षकच निष्कर्ष सांगतं, नेम धरण्याच्या कामात ६०च्या वर रिफ्रेश रेट नेण्यापेक्षा लेटन्सी ३० मिलिसेकंदांनी कमी होण्याचा फायदा जास्त. महागडी कार्डं विकणाऱ्या कंपनीच्या लोकांनी हे लिहावं, म्हणजे ते नीट वाचायला हवं.

आणि मग आपलं नेटवर्क. गावात टॉवर लांब, संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन. पिंग ८० वर गेला आणि मधेच १५० वर उसळला, तर ज्याच्यावर गोळी झाडली तो सर्व्हरच्या हिशेबात तिथून निघून गेलेला असतो. तिथे १४४ हर्ट्झ काही करू शकत नाही. असा फोन म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर स्पोर्ट्‌स बाइक.

खोक्यावरचं आणि खोक्यातलं

खोक्यावर तीन-चार वेगवेगळे हर्ट्झ छापलेले असतात आणि दुकानात ते एकाच श्वासात सांगितले जातात. ‘२४० हर्ट्झ टच सॅम्पलिंग’ म्हणजे पडदा २४० वेळा बोट तपासतो. चित्र तितक्या वेळा बदलत नाही. रिफ्रेश रेट हा पडद्याचा, आणि एफपीएस हा गेमचा. एसटीने दिवसाला १२० फेऱ्या ठेवल्या पण प्रवासी साठच गाड्यांचे असले, तर उरलेल्या रिकाम्याच धावणार. बीजीएमआयमध्ये ‘अल्ट्रा’ निवडलं तर मिळतात ४० फ्रेम, ‘एक्स्ट्रीम’ला ६०. त्याच्या वरचे ९० आणि १२० सगळ्या फोनवर उघडतच नाहीत. म्हणजे १४४ चा पडदा घेतला आणि त्यावर आयुष्यभर ४० फ्रेमचा गेम खेळला, असं सर्रास होतं. घेण्याआधी त्याच मॉडेलवर तोच गेम किती फ्रेम देतो हे बघा. खोकं बघू नका.

दुसरं म्हणजे सलगपणा. गेम सरासरी ९० फ्रेम देतो पण मधेच एक फ्रेम ५० मिलिसेकंद अडकते, तर डोळ्याला नव्वद दिसत नाहीत, तो गचका दिसतो. मेंदू ठेका धरतो आणि चुकलेला ठेका त्याला लगेच टोचतो. हलत्या ९० पेक्षा स्थिर ६० केव्हाही बरे. मराठवाड्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वर पत्र्याचं छत, फोन चार्जिंगला लावलेला आणि त्यावर गेम चालू. प्रोसेसर तापला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, कित्येक फोन रिफ्रेश रेट आणि ब्राइटनेसही उतरवतात. एसी शोरूममध्ये पाच मिनिटं चालवून ‘मख्खन’ वाटलेला फोन दुपारी एकच्या मॅचमध्ये दहाव्या मिनिटाला वेगळा फोन होतो. त्या वेळी चार्जर काढा, जाड कव्हर काढा आणि फ्रेम एक पायरी उतरवून ठेवा.

डोळे बिघडतात का? जास्त रिफ्रेश रेटमुळे नाही. उलट स्क्रोल करताना अक्षरं कमी फिसकटतात म्हणून बऱ्याच जणांना बरं वाटतं. त्रास देणारी गोष्ट वेगळी आहे. अनेक एमोलेड पडदे ब्राइटनेस कमी करताना उजेड खरोखर मंद करत नाहीत, पडदा झपाझप बंद-चालू करतात. स्वस्त पडद्यांत हा वेग सेकंदाला २४०च्या आसपास, काही नव्या फोनमध्ये दोन हजारांच्या वरही. रात्री चादरीत ब्राइटनेस तळाला नेऊन खेळणाऱ्या काहींचं डोकं याने दुखतं, काहींना काहीच होत नाही. मित्राच्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये शटर स्पीड वाढवून आपला पडदा बघा. काळे पट्टे धावताना दिसले तर तेच ते. आणि खेळताना पापणी लवायचीच आपण विसरतो, डोळे कोरडे पडतात. याला कोणताही हर्ट्झ जबाबदार नाही.

आता तुमच्यापुरता निकाल लावायचा असेल तर १२० वाला फोन मित्राकडून अर्धा तास मागून घ्या. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात. तिथे ‘शो रिफ्रेश रेट’ चालू केलं की खरा आकडा कोपऱ्यात दिसतो. तो खरंच बदलतोय याची खात्री करून घ्या आणि मग बंद करा. मित्राने तुमच्याकडे पाठ करून नाणं उडवायचं, छापा आला तर ६०, काटा आला तर १२० ठेवायचं, फोन तुमच्या हातात द्यायचा. तुम्ही लांबलचक मजकूर वरखाली सरकवायचा, नंतर ज्या गेमला दोन्ही झेपतात त्यात गरागरा वळून बघायचं आणि सांगायचं, कोणता. त्याने कागदावर टिक करायची, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे साधारण अठरात एक. तेव्हा आठ-नऊ आले तर तुमच्या डोळ्याला फरक बहुतेक खरंच कळतो. पाच-सहा आले तर ते पैसे जास्त रॅमवर किंवा बऱ्या बॅटरीवर घाला. जमलं तर हीच चाचणी १२० आणि १४४ मध्येही घ्या. तिथे आठ आणणारा कोणी सापडला, तर त्याला आधी तुमच्या गल्लीतल्या टीममध्ये घ्या.